आरशात घेतलेलं माप

मी विणकामाची मशीन बोलतेय. शिवणाची नव्हे. ही चूक सगळेच करतात. घरी आलेला प्रत्येक पाहुणा मला बघून विचारतो, "हिला पायडल कुठंय?" मला पायडल नाही. मी टेबलाला दोन क्लॅम्पनी आवळून बसवलेली एक लांबट पट्टी आहे. माझ्या अंगावर दोनशे सुया एका रांगेत झोपलेल्या असतात आणि त्यांच्यावरून हाताने सरकवायची एक कॅरेज असते. कॅरेज या टोकाकडून त्या टोकाला गेली की एक फेरी, परत आली की दुसरी. एका फेरीत एक ओळ विणून होते. आवाज येतो तो असा: खर्रर्र-खट. तो बऱ्यापैकी मोठा असतो.

माझी पहिली मालकीण शाळेच्या मुलांचे स्वेटर विणायची. त्या घरात मी दहा वर्षं गडद निळ्या रंगाखेरीज दुसरा रंग पाहिला नाही. मग तिचा खांदा धरला, काम सुटलं आणि मला चादरीत गुंडाळून कपाटामागे उभं केलं गेलं. अकरा वर्षं मी तिथे होते. माझ्या सुयांखाली स्पंजाची एक पट्टी असते, ती सुयांना जागेवर दाबून धरते. तिचा पार चुरा झाला. मशीनच्या आयुष्यात यापेक्षा वाईट काय असतं, ते मला माहीत नाही.

तिथून मला बाहेर काढलं ते एका बस ड्रायव्हरने. सहा फूट उंच, छपन्न वर्षांचे, नोकरीची दोन वर्षं शिल्लक असताना स्वतःहून निवृत्ती घेतलेले. माझी मालकीण त्यांच्या कंडक्टरची मावशी. डेपोत त्यांना सगळे 'टायमिंग' म्हणायचे, कारण त्यांची गाडी स्टॉपवर आली की लोक आपली घड्याळं लावून घेत. मीही त्यांना तेच म्हणते.

"चालेल की नाही, काही सांगता यायचं नाही हो," मावशी म्हणाली.

"चालवून बघतो," टायमिंग म्हणाले आणि कॅरेज हातात धरून त्यांनी ती नुसतीच, लोकर न लावता, सहा वेळा इकडून तिकडे नेली. माणसं वस्तू घेताना ठोकून बघतात, वास घेतात. यांनी मला चालवलं.

घरी त्यांच्या बायकोने दार उघडलं. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, सकाळी सातला जाते आणि साडेचारला येते. शेजारीपाजारी तिला वहिनी म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

"आता हे काय आणलंत?"

"मशीन आहे."

"ते दिसतंय. कशाला?"

"हाताला काहीतरी हवं."

वहिनींनी त्यांच्या हातांकडे बघितलं. मग त्यांनी जेवणाच्या टेबलावरची अर्धी जागा रिकामी करून दिली. तेव्हापासून ते दोघं उरलेल्या अर्ध्यावर ताटाला ताट लावून जेवतात.

टायमिंगनी माझी स्पंजाची पट्टी बदलली, एकेक सुई काढून रॉकेलमध्ये धुतली, वाकलेल्या नऊ सुया सरळ केल्या. माहितीपुस्तक परक्या भाषेत होतं, तर चित्रं बघून शिकले. आठवड्याभरात मी खर्रर्र-खट चालू लागले. आणि आठव्या दिवशी दारावर थाप पडली.

दारात खालच्या मजल्यावरच्या सिस्टर. हॉस्पिटलात कायम रात्रपाळी, म्हणजे दिवस ही त्यांची झोपेची वेळ. गालावर उशीच्या शिवणीचा वळ उमटलेला.

"काय दळताय काय सकाळपासून? माझ्या डोक्यावर!"

"विणतोय," टायमिंग म्हणाले.

"काय करताय?"

त्यांनी बाजूला होऊन मला दाखवलं. सिस्टर आत आल्या, माझ्यावर लटकलेला राखाडी तुकडा दोन बोटांत धरून उलटा-सुलटा केला आणि त्यांचा राग जरा खाली बसला. "टाके एकसारखे आहेत," त्या म्हणाल्या. "पण हे बघा. दुपारी तीनपर्यंत मला झोपू द्या. तोवर हाताने विणा."

"हाताने येत नाही."

"मग शिका. होस्टेलमध्ये असताना मी अख्ख्या वॉर्डाच्या टोप्या विणल्यात. तीननंतर या खाली."

असं ठरलं. तीनपर्यंत हाताच्या सुया, तीननंतर मी. खरं सांगायचं तर मला त्या दोन सुयांचा हेवा वाटायचा. त्या टायमिंगबरोबर खिडकीत बसायच्या, गच्चीवर जायच्या. मी टेबलाला जखडलेली.

पण एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. विणताना टायमिंगचा उजवा पाय माझ्याखाली, टेबलाच्या आडव्या लाकडावर असायचा. कॅरेज छान चाललेली असायची आणि मध्येच तो पाय खाली दाबला जायचा. एवढ्या जोरात, की टेबल हलायचं, माझ्या मागच्या दांडीवरची लोकर थरथरायची. समोर काही नसायचं. भिंत आणि कॅलेंडर. मग ते एक श्वास सोडायचे, कपाळ पुसायचे आणि पुढची फेरी घ्यायचे. एका दुपारी मी मोजलं, अकरा वेळा.

या माणसाला एका जागी चैन नव्हतं. आणि एका कामातही नव्हतं. निळा मफलर सात फूट झाला तरी बंद होईना. हातमोजे फक्त डाव्या हाताचे, तेही तीन. नातीसाठी चौकोन चौकोन जोडून पांघरूण करायचं होतं. बावीस चौकोन झाले, जोडले एकही नाहीत, आणि नात पाळण्यातून उतरून घरभर धावायला लागली. वहिनींच्या राखाडी स्वेटरचं अंग मी विणलं आणि बाह्या टायमिंगनी हाताने. माझे टाके घट्ट, त्यांचे सैल. बाह्या अशा झाल्या की त्यांत वहिनींचा दंड नव्हे, मांडी मावली असती.

"अहो, एखादं तरी पुरं करा ना," वहिनी म्हणायच्या. "घरात जिथे बसावं तिथे सुई टोचते."

"करतो."

"कधी?"

यावर ते नवीन लोकर आणायचे.

मग एक दिवस मरून रंगाची लोकर आली. या वेळी त्यांनी कागदावर माप लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. माझ्यावर टाके घातले आणि दुपारी तीन ते सहा, मान वर न करता विणू लागले. पाठ झाली. पुढचा भाग झाला. दोन्ही बाह्या माझ्याच वर झाल्या. गळ्याची आणि मनगटाची पट्टी हाताने, सिस्टरना विचारून विचारून. पंधरा दिवसांत स्वेटर शिवून तयार. या घरात पहिल्यांदा काहीतरी पुरं झालं होतं आणि मला वाटलं, आता हा माणूस हसेल. त्यांनी तो घडी घालून कागदात गुंडाळला आणि कपाटात सगळ्यांत मागे ठेवला.

वहिनींना तो चादरी काढताना सापडला. त्यांनी तो अंगाला लावून बघितला.

"हा माझा नाही. माझी उंची नाही एवढी. कोणाचा आहे?"

टायमिंग माझी कॅरेज पुसू लागले.

"त्यांचा आहे ना? पडल्या होत्या त्या बाईंचा?"

टायमिंग उठून खिडकीशी गेले. त्यानंतरच्या बोलण्यातून मला कळलं ते असं. दीड वर्षापूर्वी, सकाळच्या गाडीला, चौकाच्या अलीकडे त्यांनी कचकन ब्रेक लावला होता. पुढे सायकलवाला होता, तो वाचला. पण पुढच्या दाराशी दांडी धरून उभ्या असलेल्या एक बाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. चौकशी झाली. सायकलस्वार अचानक आडवा आल्यामुळे ब्रेक लावावा लागला, चालकाचा दोष नाही, असं निघालं. सहकाऱ्यांनी पाठ थोपटली. आणि महिन्याभरात टायमिंगनी निवृत्तीचा अर्ज दिला.

"तुमची चूक नव्हती, असं लेखी आलंय ना?" वहिनी म्हणाल्या. "मग हा कपाटात का? नेऊन द्या त्यांना."

"बघू."

"दीड वर्ष बघताय."

दुसऱ्या दिवशी वहिनी लॅबला जाताना पिशवी जरा फुगलेली होती. संध्याकाळी आल्या, चपला काढल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "पोचवला."

"काय?"

"स्वेटर. चौकशीच्या कागदांवर पत्ता होता. त्या घरी नव्हत्या, फिजिओथेरपीला गेल्या होत्या. शेजारी दिला. आपला पत्ता आणि फोन लिहून आलेय. पंधरा दिवस बसून तुम्ही विणलात, हेही."

टायमिंगच्या तोंडाचा रंगच उडाला. "मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तो अजून कपाटात असता."

पुढचे आठ दिवस मी कधी विसरणार नाही. फोन वाजला की त्यांचा टाका सुटायचा. जिन्यात पाऊल वाजलं की पाय खाली दाबला जायचा. एका दुपारी तर कॅरेज इतक्या जोरात ओढली, की सुया अडकल्या आणि अख्खा तुकडा माझ्यावरून सुटून, ताणासाठी खाली लटकवलेल्या वजनांसकट जमिनीवर पडला. त्यांनी तो उचललाही नाही. खोलीत येरझारा घालत राहिले. वहिनी घरी आल्या, तो तुकडा उचलून त्यांनी खुर्चीवर ठेवला आणि स्वयंपाकाला लागल्या.

नवव्या दिवशी, साडेतीनच्या सुमाराला, जिन्यात एक नवाच आवाज आला. पाऊल, काठी, थांबणं. पाऊल, काठी, थांबणं. दुसरा मजला आहे आमचा. तेवढा वेळ टायमिंग कॅरेज हातात धरून नुसते बसले होते. बेल वाजल्यावरच उठले.

बाई साठीला टेकलेल्या, उंच, ताठ. धाप लागलेली.

"तुम्हीच ना चालवत होता?"

"हो. या. बसा ना."

"बसते. पण उंच खुर्ची द्या. खालच्या खुर्चीतून मला उठता येत नाही."

घरात उंच खुर्ची एकच, माझ्यासमोरची. बाई तिच्यावर बसल्या. मी दीड हाताच्या अंतरावरून त्यांचं तोंड बघत होते. त्यांनी पिशवीतून मरून स्वेटर काढून माझ्या सुयांवरच ठेवला.

"माप कुठून मिळालं तुम्हाला?"

"आरशातून," टायमिंग म्हणाले. ते उभेच होते. "तुम्ही आठ-चाळीसला चढायचात. पुढच्या दाराशी उभ्या राहायचात, जागा असली तरी. नऊ वर्षं आरशात रोज दिसायचात."

"ऑफिसात दिवसभर बसायचंच असायचं. म्हणून उभी राहायचे." बाईंनी स्वेटरवरून हात फिरवला. "खांदे बरोबर आलेत. बाह्याही. पण गळ्यातून डोकं जात नाही. आरशात डोकं लहान दिसत असेल."

कोणी हसलं नाही.

"मी कोर्टात टायपिस्ट होते," बाई म्हणाल्या. "पस्तीस वर्षं लोकांचे जबाब टाइप केले. तुमच्याही जबाबाची प्रत मी मागवून घेतली होती. साडेचार ओळी. सायकलस्वार अचानक आडवा आल्यामुळे, वगैरे. वाचला आणि मला काही तो पटेना. खरं सांगणारा माणूस मध्येच काहीतरी फालतू सांगतो. चप्पल तुटली होती, ऊन डोळ्यांवर येत होतं, कोणीतरी खोकत होतं. तुमच्या जबाबात ऊनसुद्धा नव्हतं. मी तेव्हा बिछान्यावर होते, नाहीतर तेव्हाच आले असते विचारायला. आता तुम्ही स्वेटर पाठवलात. ज्याची चूक नाही, तो पंधरा दिवस बसून स्वेटर कशाला विणेल? नेमकं काय झालं होतं?"

टायमिंगचा पाय जमिनीवर दाबला गेला. या वेळी बसलेले नव्हते, तरीही.

"तो आडवा आला नव्हता," ते म्हणाले. "सरळच चालला होता. बराच वेळ पुढे दिसत होता मला. मी घड्याळाकडे बघितलं. दोन मिनिटं उशीर झाला होता. शाळेपाशी एक टेम्पो अडकला होता ना, त्याच्यामुळे. ती दोन मिनिटं कुठे भरून काढायची, याचाच विचार चालला होता. वर बघतो तर सायकलचं मागचं चाक एकदम पुढ्यात. लाल मडगार्ड होतं. मग ब्रेक."

"हे सांगितलं नाहीत."

"नाही. साहेबांनी विचारलं, आडवा आला का? मी हो म्हणालो. एवढंच. मग ते तसंच लिहिलं गेलं."

मला वाटलं, बाई आता आवाज चढवतील. त्यांनी आपला उजवा हात वर उचलला, तळवा स्वतःकडे वळवला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या.

"मला वाटत होतं, माझाच हात सुटला," त्या हळूच म्हणाल्या. "नऊ वर्षं धरलेली दांडी त्या दिवशी कशी काय सुटली, हेच डोक्यात. बाकी कोणी पडलं नाही, मीच पडले. म्हटलं, झालं, हातातला जोर गेला. म्हातारपण आलं. हाड सात महिन्यांत जुळलं. पण मी एकटी बाहेर पडणं सोडलं. भाचीला म्हणायचे, माझा माझ्या हातावर भरवसा नाही. चहाचा कपसुद्धा दोन हातांनी धरते मी." त्यांनी मूठ मिटली, उघडली. "म्हणजे माझ्या हाताला काही झालेलं नव्हतं."

"नाही. तसल्या ब्रेकला कोणीच उभं राहिलं नसतं," टायमिंग म्हणाले. त्यांचा आवाज पार खाली गेला होता. "तुमच्यामागे सगळे बसलेले होते. मला माफ करा."

"ते नंतर बघू," बाई म्हणाल्या. "आधी गळा मोकळा करा. आणि आत्ता जे बोललात ते डेपोत लेखी द्या. तोंडी मी काही धरत नाही."

"देतो. स्वेटर घरी आणून देतो तुमच्या."

"नको. मीच येईन. एवढा जिना चढता येतो, हे मला आज कळलंय."

त्या गेल्यावर टायमिंग जमिनीवरच बसले, माझ्या टेबलाच्या पायाला टेकून. साडेचारला वहिनी आल्या, त्यांना तसं बघून घाबरल्या. मग सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाल्या, "मलाही नाही सांगितलंत."

"नाही."

"दीड वर्ष मी सगळ्यांना सांगत फिरले, यांची चूक नव्हती म्हणून."

त्या उठून आत गेल्या. दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं. मला दोघांचंही कळत होतं आणि काही करता येत नव्हतं. माझ्या सुया रिकाम्या होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी त्यांच्यासमोर कोरे कागद आणि पेन ठेवलं. "लिहा. मी पोचवणार नाही हं. तुमचं तुम्ही जा."

लिहिलं त्यांनी. साडेचार ओळींचे तीन कागद झाले. टेम्पो, लाल मडगार्ड, सगळं.

डेपोतले साहेब वैतागले. फाइल बंद झालीय, तुम्ही निवृत्त झालात, आता कशाला उकरताय? टायमिंग बाकावर बसून राहिले. कागद घेऊन शिक्का मारून देईपर्यंत उठले नाहीत. डेपोच्या भिंतीवर एक फलक आहे, पंचवीस वर्षं विनाअपघात गाडी चालवणाऱ्यांच्या नावांचा. त्यात यांचंही नाव होतं, चौकशीनंतरही तसंच ठेवलेलं. ते काढा, असा दुसरा अर्ज दिला. तीन आठवड्यांनी कोणीतरी त्यावर रंग फिरवला, तोही वेगळ्याच पांढऱ्याचा. "आता लांबूनसुद्धा तेवढंच दिसतं," टायमिंग घरी येऊन सांगत होते. वहिनींना हसू आवरेना. मग तेही हसले. या घरात मी पहिल्यांदा त्या दोघांना एकत्र हसताना ऐकलं.

स्वेटरचा गळा त्यांनी उसवला, टाके उचलले, पट्टी पुन्हा विणली. बंद करताना टाके घट्ट होऊ नयेत म्हणून सिस्टर शेजारी बसून होत्या. "सैल सोडा," म्हणत होत्या, "अजून सैल. गळा आहे, स्टेअरिंग नाही."

आणि आज दुपारी चारला बाई आल्या. या वेळी जिन्यात थांबणं कमी होतं. त्यांनी स्वेटर उभ्याउभ्याच घातला. डोकं अलगद बाहेर आलं.

"बसतोय," त्या म्हणाल्या. काठी घेतली. "खालून बाजाराकडे जाणारी गाडी किती वाजता?"

"चार-वीसला."

"चला मग."

"मी?"

"नाहीतर काय या मशीनला घेऊन जाऊ?"

टायमिंग माझ्यासमोर बसलेले होते, कॅरेज माझ्या मधोमध. नोकरी सोडल्यापासून हा माणूस बसमध्ये चढलेला नाही. बाजारात जायचं तर चालत, लेकीकडे जायचं तर रिक्षा. "एवढी फेरी संपवतो," ते म्हणाले.

"फेरी राहू द्या," बाई म्हणाल्या आणि दाराकडे वळल्या. टायमिंगनी कॅरेजवरचा हात काढला, पायात चपला सरकवल्या. त्यांचे पाय चुकीच्या चपलांत गेले, मग बरोबर गेले.

थोड्या वेळाने वहिनी आल्या. घर उघडं, खुर्ची मागे सरकलेली. त्यांच्यामागोमाग दूध आणायला गेलेल्या सिस्टर वर आल्या.

"वहिनी, त्यांना बघितलं मी स्टॉपवर! घामाघूम झाले होते. बाईंनी दंड धरला होता."

"चढले?"

"चढले. बाईंनी त्यांना खिडकीची जागा दिली. त्या मात्र उभ्याच होत्या, दांडी धरून. एका हाताने."

वहिनी माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या. पदराने तोंड पुसलं. मग उठून त्यांनी दोघांपुरता चहा टाकला, पुन्हा गॅस बंद केला आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

साडेपाच वाजून गेलेत. ते अजून परतलेले नाहीत. माझ्या अर्ध्या सुयांवर नवे टाके आहेत, अर्ध्यांवर मागच्या फेरीचे, आणि खाली लटकलेली वजनं दोन्हींना सारखीच ओढताहेत. विणकामाच्या मशीनला याहून जास्त अस्वस्थ करणारं काही नसतं. रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला की वाटतं, हेच असतील. मग जिना रिकामाच राहतो.

तुमच्यापैकी कोणी इतक्यात आमच्याकडे आलात, तर एक विनंती आहे. ही मधोमध थांबलेली कॅरेज बघून तुमचा हात शिवशिवेल, एवढीशी तर राहिलीय, पुढे ढकलून टाकू असं वाटेल. कृपा करून हात लावू नका. टाके ताणले गेले तर जाऊ देत. ही फेरी त्यांनीच सोडली आहे, त्यांना येऊन घेऊ दे.